आपत्ती आणि हरकत : नगररचना, सार्वजनिक आरोग्य आणि रहिवासी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मला बोलावणे यावे, हा मी माझा बहुमान समजतो. निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर किंवा माळव्यातील मराठी वाङ्मयावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. विषय कळवला तेव्हा त्यांनी विनयाने एकच प्रश्न विचारला, "सर, गटारे आणि नळ हा मराठीचा विषय कसा?" आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजावे.

उत्तराची सुरुवात दोन शब्दांपासून करतो. आपल्या या इंदूर शहरात विकास योजनेचा मसुदा निघतो तेव्हा वर्तमानपत्रात एक जाहीर सूचना येते. नागरिकांनी आपली 'आपत्ति एवं सुझाव' अमुक मुदतीत सादर करावेत, असे तीत हिंदीत लिहिलेले असते. तीच सूचना महाराष्ट्रात निघते तेव्हा 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. हिंदीतील आपत्ति म्हणजे आक्षेप. मराठीत मात्र आपत्ती म्हणजे संकट. 'हरकत' या मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. आपण मराठी माणसांनी त्याचा अर्थ अडथळा, आक्षेप असा करून घेतला. कोणी काही करायला निघाला की आपण "माझी हरकत नाही" म्हणतो आणि स्वस्थ बसतो. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या शब्दांचा एक जास्तीचा अर्थ कळतो. ज्या गावात हिंदीतील आपत्ति वेळेवर नोंदवली जात नाही, किंवा नोंदवूनही ऐकली जात नाही, त्या गावावर मराठीतील आपत्ती आल्यावाचून राहत नाही. मला आज जे सांगायचे आहे, ते सारे या एका वाक्यात आहे. उरलेला वेळ त्याची उदाहरणे देण्यात घालवतो.

नगररचना आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन विषय आपण वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवले आहेत. एकीकडे नकाशे, दुसरीकडे औषधे. पण पिण्याच्या पाण्याची नळी आणि मैलापाण्याची नळी यांच्यात किती अंतर असावे, हा प्रश्न नकाशाचा की औषधाचा? घरात उजेड आणि वारा येतो की नाही, नाल्याच्या काठी वस्ती कोणी आणि का केली, हे प्रश्न वैद्याचे की अभियंत्याचे? ते दोघांचेही आहेत, आणि त्यांची सर्वांत आधीची माहिती तिसऱ्याच माणसाला असते. तो माणूस म्हणजे तेथे राहणारा. नळाला गढूळ पाणी आले हे प्रयोगशाळेच्या आधी त्या घरातल्या बाईला कळते, कारण हंडा ती भरते. या माहितीला शासनव्यवहारात जागा आहे की नाही, हाच आजचा प्रश्न आहे.

'सार्वजनिक' हा शब्द आपल्या राजकीय व्यवहारात रुजवणाऱ्या संस्थांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे स्थान अग्रभागी आहे. १८७० साली ती स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, ते याच संस्थेमुळे. तिची एक तरतूद आज आपण विसरलो आहोत. या सभेचा सभासद व्हायचे, तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा हक्क नव्हता, विधिमंडळात आपला माणूस नव्हता, त्या काळात "तू कोणाच्या वतीने बोलतोस?" या प्रश्नाचे उत्तर त्या लोकांनी कागदावर मागितले. लोकांचे म्हणणे सरकारपर्यंत न्यायचे, तर ते लोकांना विचारून न्यावे, ही शिस्त आपल्या भाषेच्या प्रदेशात दीडशे वर्षांहून जुनी आहे. लोकसहभाग ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असे मानणाऱ्यांनी या मुखत्यारपत्राची आठवण ठेवावी.

त्याच पुण्यात पुढे २७ वर्षांनी काय घडले, ते आपण शालेय इतिहासात वाचले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, नंतर तो पुण्यात पोहोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांना फार मोठे अधिकार दिले. वॉल्टर चार्ल्स रँड हा पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख झाला, आणि घरांच्या तपासणीसाठी गोरे सोजीर शहरात उतरले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांत बूट घालून माणसे शिरली, सामान बाहेर फेकले गेले, संशयितांना सक्तीने रुग्णालयात आणि इतरांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण देशभक्तीचा अध्याय म्हणून वाचतो, आणि तसा तो वाचावाही. पण मी आज त्याच्याकडे आरोग्यव्यवस्थेचा अध्याय म्हणून पाहण्याची विनंती करतो. साथ खरी होती. रोग्याला वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे यांची गरजही खरी होती. मात्र ज्यांचा जीव वाचवायचा त्यांनाच आरोपी ठरवल्यामुळे लोक रोगी लपवू लागले. रोग लपला की तो वाढतो, हे सांगायला वैद्य लागत नाही.

या अध्यायाचा एक उपकथाभाग फारसा सांगितला जात नाही. नामदार गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी तेथे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रे लिहिणारी माणसे पुढे यायला तयार होईनात. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून त्यांच्यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. मला त्यातून वेगळा बोध होतो. लोकांची तक्रार नोंदवून घेणारी, तिला तारीख आणि क्रमांक देणारी, तक्रार करणाऱ्याला अभय देणारी व्यवस्था नसेल, तर गोखल्यांसारख्या सत्यनिष्ठ माणसाच्या शब्दालाही आधार उरत नाही. बोलण्याचे स्वातंत्र्य असून भागत नाही, बोललेल्याची नोंद राहावी लागते.

आता पुण्याहून आपल्या गावी येऊ. वीस वर्षांनी, १९१७ साली, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत, इंदूरला एक साठी ओलांडलेला, विस्कटलेल्या दाढीचा स्कॉटिश गृहस्थ आला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. मूळचा हा जीवशास्त्रज्ञ, थॉमस हक्सलीचा विद्यार्थी. १९१४ मध्ये नगररचनेचे प्रदर्शन घेऊन तो मद्रासला आला होता. त्याआधी त्याच्या प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारी बोट 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवली होती. तरीही नवे सामान जमवून त्याने प्रदर्शन भरवलेच. पुढे अनेक शहरांचे अहवाल त्याने लिहिले. आपले शेजारी वडोदरे हे त्यांपैकी एक. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा तो पहिला प्राध्यापक झाला. इंदूरवरचा त्याचा अहवाल १९१८ मध्ये होळकर सरकारच्या छापखान्यात दोन खंडांत छापला गेला.

गेडिसची पद्धत वैद्याची होती. आधी निदान, मग उपचार. 'निदान' या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, 'कमीत कमी'. निदान ऐकून तरी घ्या, असे आपण म्हणतो. गेडिसने ते निदान दोन्ही अर्थांनी केले. तो गल्लीबोळांतून पायी हिंडला. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याची त्या काळच्या अभियंत्यांची रीत त्याला मान्य नव्हती. पडके घर तेवढे काढावे, त्या मोकळ्या जागेत झाड लावावे, बंद विहीर उपसावी, अरुंद बोळ जेथे गुदमरतो तेथेच थोडा रुंद करावा, अशी 'जपून करायची शस्त्रक्रिया' तो सुचवी. नगररचना ही केवळ जागेची रचना नव्हे, तेथे राहणाऱ्या लोकांची आणि त्यांच्या कामधंद्याची ती रचना आहे, हा त्याचा सिद्धान्त होता. लोकांना मनाविरुद्ध हलवून शहर सुधारत नाही, हे त्याने वारंवार बजावले आहे.

त्या वेळी इंदुरात प्लेग होता. हातात नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक भयाने पाहू लागले. हा म्हातारा साहेब आला की घरे पडतात, हाच प्लेग आणतो, अशी बोलवा झाली. पुण्यात हीच भीती रक्तापर्यंत गेली होती. गेडिसने काय केले, ते त्याने स्वतः पुढे सांगितले, आणि अमेलिया डेफ्रीज यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रपर ग्रंथात ते आले आहे. त्याने एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटवली. यंदाच्या दिवाळीत नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. तिचा मार्ग हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या मिरवणुकीचा ठरलेला मार्ग नसेल. ज्या रस्त्यांवरची घरे लोकांनी सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल. कचरा आणि राडारोडा विनामूल्य उचलून नेण्याची व्यवस्था झाली. दिवाळीपूर्वी घर झाडणे, रंग काढणे हे आपल्याकडे नवे नव्हतेच. आता त्याला चढाओढीची जोड मिळाली. हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला.

मिरवणूक निघाली. हत्ती, घोडे, सुगीचे देखावे पुढे. मग पडक्या घरांचे करुण देखावे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस, आणि प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा. त्यामागे शहराचे सफाई कामगार, नव्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार, झाडू फुलांनी सजवलेले, बैलांची शिंगे रंगवलेली. त्यामागे लक्ष्मी, आणि शहरात पुढे व्हायच्या वाचनालयासारख्या इमारतींच्या प्रतिकृती. शेवटी माळ्यांच्या गाड्या, त्यांतून लोकांना रोपे वाटली गेली. रात्री राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. दसऱ्याला रावण जाळणाऱ्या लोकांना या दहनाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. जे पुण्यात संगिनींच्या धाकाने होत नव्हते, ते इंदुरात पणत्यांच्या उजेडात झाले.

ही हकीकत मनोरम आहे आणि आपल्या गावची आहे, म्हणून आपण तिच्यावर लुब्ध होतो. अध्यापकाचे काम मात्र लुब्ध झाल्यावरही प्रश्न विचारण्याचे असते. पहिला प्रश्न असा, की हा सगळा अधिकार एका दिवसाचा होता आणि तो महाराजांकडून उसना घेतलेला होता. लोकांनी घरे झाडली, पण मिरवणुकीचा बेत त्यांना विचारून ठरला नव्हता. दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. ज्या सफाई कामगारांच्या गळ्यात त्या दिवशी हार पडले, त्यांच्या डोक्यावरचा मैला दुसऱ्या दिवशी उतरला का? हाताने मैला काढण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा या देशात १९९३ साली झाला, आणि तो पुरेसा न ठरल्यामुळे २०१३ साली दुसरा करावा लागला. हार घालणे आणि हक्क देणे यांत पाऊणशे वर्षांचे, किंबहुना त्याहून जास्त अंतर पडले. उत्सवाने मन जिंकता येते आणि भीती घालवता येते. त्यापुढचे काम उत्सवाच्या शक्तीबाहेरचे आहे.

आता दुसरा प्रसंग. १९७० साली मी महाविद्यालयात होतो. इंदूर वाढत होते, आणि यशवंतसागर व जुने तलाव यांचे पाणी पुरेना. सत्तर किलोमीटरवर, विंध्याच्या पलीकडे, खाली नर्मदा वाहते. तिचे पाणी डोंगर चढवून इंदुरात आणा, ही मागणी घेऊन त्या वर्षी गाव रस्त्यावर आले. विद्यार्थी होते, वकील होते, गिरणी कामगार होते. एवढे पाणी एवढ्या उंचीवर चढवणे परवडणार नाही, असे सांगणारे जाणते लोकही होते. आंदोलनापुढे सरकारने ही योजना मान्य केली आणि १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. आज आपल्या घरी नळाला जे पाणी येते, ते कोणा एका अधिकाऱ्याच्या टेबलावर सुचलेले नाही. ते मागून, भांडून आणलेले पाणी आहे. गेडिसच्या मिरवणुकीत लोक सहभागी झाले होते. १९७० मध्ये लोकांनी योजनाच मांडली. या दोहोंतला फरक फार मोठा आहे.

तिसरा प्रसंग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खान आणि सरस्वती या आपल्या नद्यांच्या काठच्या झोपडवस्त्यांसाठी एक मोठी योजना सुरू झाली. अभियंते हिमांशू पारीख यांची ही कल्पना. झोपडवस्ती म्हणजे शहराला जडलेला रोग मानायचे नाही. या वस्त्या नद्यानाल्यांच्या काठाने पसरलेल्या असतात, म्हणून त्यांच्यातूनच मलवाहिन्या आणि रस्ते नेऊन सबंध शहराचे जाळे पुरे करायचे, प्रत्येक घराला स्वतःचे शौचालय द्यायचे. कल्पना सुंदर होती. गेडिसला ती निश्चित आवडली असती. १९९८ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. पण २००२ मध्ये नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी आपल्या पुस्तकात या गौरवामागची दुसरी बाजू मांडली. तुंबणाऱ्या मलवाहिन्या, शौचालयाला पुरेसे पाणी नाही, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळण्याचा धोका. कागदावरचे जाळे पूर्ण झाले होते. त्या जाळ्याची देखभाल कोण करणार, आणि ते बिघडले तर रहिवाशाने कोणाला धरायचे, हे ठरले नव्हते. पुरस्कार देणाऱ्यांचे कौतुक आणि नाल्याकाठी राहणाऱ्यांचा अनुभव यांची गाठ पडलीच नाही.

चौथा प्रसंग ताजा आहे आणि तो सांगताना मन जड होते. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावे होते. २०१७ मध्ये ते देशात पहिले आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. हे यश लहान नाही. घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा निघू लागला. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे डबा घेऊन बाहेर पडतात. लाखो लोकांनी आपली रोजची सवय बदलली. मी परगावी गेलो की इंदूरचा म्हणून लोक माझ्याशी अदबीने बोलतात, याचे श्रेय मी माझ्या प्रबंधाला देऊ शकत नाही. ते या डब्यांचे आहे.

आणि त्याच इंदुरात, २०२५ च्या डिसेंबरअखेरीस, भगीरथपुरा या वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक उलट्या आणि अतिसाराने आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. पाण्याला वास येतो, पाणी गढूळ आहे, अशा तक्रारी रहिवासी आधीपासून करीत होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. बंधुभगिनींनो, ते पाणी नर्मदेचे होते. आम्ही १९७० मध्ये मागून आणलेले. आणि वस्तीचे नाव भगीरथाचे. गंगा आणणाऱ्या राजाच्या नावाच्या वस्तीत पाण्याने माणसे मेली, हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून द्यायचा नाही. त्यात आपल्या सार्वजनिक जीवनाचे निदान आहे. आपण रहिवाशाला डबा घेऊन बाहेर बोलावले आणि तो आला. तोच रहिवासी हंडा घेऊन आला आणि पाणी दाखवू लागला, तेव्हा त्याच्यासाठी तितकीच तत्पर गाडी नव्हती. सहकार्य मागण्याची यंत्रणा आपण उत्तम उभारली. हरकत ऐकण्याची यंत्रणा मात्र तशीच राहून गेली.

येथे कायद्याकडे वळले पाहिजे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे अठरा विषय आहेत. त्यांत नगरनियोजन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि मलनिस्सारण हे सगळे आहेत. तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, हेही त्या दुरुस्तीने सांगितले. पण त्या समित्यांत सामान्य रहिवाशाला कोणते स्थान असावे, हे राज्यांवर सोडले. खेड्यात राहणाऱ्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचे सभासदत्व राज्यघटनेनेच दिले आहे. तो उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. शहरात राहणाऱ्या, शिकल्यासवरल्या माणसाला मात्र अशी सभा घटनेने दिलेली नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या नागरी पुनर्निर्माण अभियानात केंद्राने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली आणि त्यात क्षेत्रसभेची कल्पना होती. आज या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी किती जणांनी क्षेत्रसभा पाहिली आहे, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

लोकांना हे विषय समजत नाहीत, असा एक आक्षेप हमखास घेतला जातो. त्याला मी दोन उदाहरणांनी उत्तर देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेडला गेले. लोकांना काय हवे हे त्यांनी आधी विचारले. लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न यांचे नाव घेतले, आणि या डॉक्टरांनी ते आरोग्याचेच काम मानले. पुढे गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. याच बायकांनी बाळंतपणापासून पाण्याच्या स्वच्छतेपर्यंतचे काम पेलले आणि जगभरचे लोक ते पाहायला आले. दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथील २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला. कोणत्या डोंगराचा, कोणत्या शेताचा रंग नकाशावर बदलला आहे, हे गावकऱ्यांनी वाचून काढले. मोठे आंदोलन झाले आणि २००७ मध्ये तो आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा आराखडा तयार करताना मसुदे गावागावांत पाठवून ग्रामसभांचे म्हणणे मागवावे लागले. नकाशा समजत नाही म्हणून हिणवले जाणारे लोक आपल्या गावाचा नकाशा फार चांगला वाचतात. आपले शेत कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

महाराष्ट्रात २००७ पासून सुरुवातीला पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या आरोग्यसेवेवरील लोकाधारित देखरेखीचा उल्लेखही केला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते का, डॉक्टर असतात का, याची नोंद गावकऱ्यांनीच करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती मांडायची. अधिकाऱ्याने सर्वांदेखत उत्तर द्यायचे. १८९७ मध्ये गोखल्यांच्या हाती जे नव्हते, ते हेच होते : नाव, तारीख, नोंद आणि उघड सभा.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. विकास योजनेचा मसुदा, पाणीतपासणीचा अहवाल हे कागद लोकांच्या बोलीत आणि वॉर्डाच्या फलकावर आले पाहिजेत. 'भूवापर परिवर्तन' असे लिहिण्याऐवजी 'या मैदानावर इमारत होणार आहे' असे लिहिले, तर हरकती शंभरपट येतील. कदाचित म्हणूनच तसे लिहिले जात नसावे.

दुसरी गोष्ट वेळेची. विचारायचे ते ठरवण्याआधी विचारावे. निविदा निघाल्यावर मागवलेली सूचना ही लग्न लागल्यावर विचारलेल्या पसंतीसारखी आहे.

तिसरी गोष्ट उत्तराची. प्रत्येक हरकतीला लेखी, सकारण उत्तर मिळाले पाहिजे. मान्य नसेल तर का नाही, ते सांगावे. लोक नकार सहन करतात. ज्याला उत्तरच येत नाही असे पत्र दुसऱ्यांदा कोणी लिहीत नाही, आणि मग "लोक उदासीन आहेत" असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे होतो.

चौथी गोष्ट प्रतिनिधित्वाची. सभेला कोण येतो? निवृत्त झालेली, वेळ असलेली, माझ्यासारखी माणसे. रोजंदारीवर जाणारा येत नाही, पाणी भरणारी येत नाही, मोलकरीण येत नाही. सभा त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या वस्तीत झाली पाहिजे. नाहीतर लोकसहभागाच्या नावाखाली वाहनतळ आणि उद्याने यांचीच चर्चा होईल, आणि मैलापाणी ज्यांच्या दारात येते त्यांचा आवाज पुन्हा नाल्याकाठीच राहील. पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र मला याचसाठी महत्त्वाचे वाटते. "तू कोणाच्या वतीने बोलतोस?" हा प्रश्न आपण आधी स्वतःला विचारला पाहिजे.

आणि या साऱ्यात शाळेचे काम काय? गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. हे थोर पुरुष दिवसा गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाची रीत अशी, की ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. झाडू आणि प्रश्न, ही दोन्ही त्यांची साधने होती. आपण त्यांच्या नावाने झाडू उचलला आणि प्रश्न खाली ठेवला. शाळेने मुलांच्या हाती दोन्ही द्यावीत. नववीच्या वर्गाने वर्षातून एकदा आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढावा. नळ कोठे, गटार कोठे, विहीर कोठे बुजली, हे घरोघरी विचारून त्यावर लिहावे. अर्जलेखन हा आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमातला जुना पाठ आहे. त्यात काल्पनिक मुख्याध्यापकांना काल्पनिक रजेचा अर्ज लिहिण्यापेक्षा खऱ्या वॉर्ड कचेरीला खऱ्या गळक्या नळाविषयी अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर आले की वर्गात वाचून दाखवावे. आले नाही, तर स्मरणपत्र लिहावे. मराठीचा याहून चांगला तास मला सुचत नाही. माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. वर्षातून एक दिवस त्यांनी या मुलांच्या नकाशासमोर बसावे, एवढीच विनंती.

कार्यवाहांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. गटारे आणि नळ हा मराठीचा विषय आहे, कारण ज्याला आपले म्हणणे स्पष्ट, सभ्य आणि निर्भय शब्दांत मांडता येते, त्याचेच पाणी आधी स्वच्छ होते. ज्याला ते येत नाही त्याच्या वतीने, पण त्याला विचारून, ते मांडणे हे शिकलेल्या माणसाचे कर्तव्य आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या या माळव्यात राहिलो. या मातीने आपल्याला घर दिले, भाषा टिकवू दिली, शाळा चालवू दिली. येथल्या हिंदीतही आपण मराठीइतक्याच सहजतेने बोलतो. तेव्हा पुढची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येईल, त्या दिवशी "आमची काही हरकत नाही" असे म्हणून पान उलटू नका. आपत्ति नोंदवा, म्हणजे आपत्ती टळेल.